चुना, चहा आणि सकाळची चिमूट

तंबाखू सोडण्याच्या पत्रकांवर बहुतेक वेळा विझवलेली सिगारेट असते. नाशिककडे त्या चित्राचा फारसा उपयोग नाही. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, ओढणारे होते 3.8 टक्के. बिडीचा धंदा सिन्नरचा खरा, पण सातपूर-अंबडच्या शिफ्टमध्ये, लासलगावच्या कांद्याच्या लिलावात, द्राक्षबागेच्या छाटणीत चालते ती मळलेली तंबाखू, मावा, आणि घरात मिश्री. सोडायचा सल्लाही त्याच सवयींना धरून द्यायला हवा.

मळताना चुना का लागतो, इथून सुरुवात करू. चुना अल्कधर्मी. तो मिसळला की निकोटीन मोकळ्या रूपात येतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरतं. चुना कमी पडला तर ‘लागत नाही’ म्हणतात, ते यामुळेच. शिवाय चुना ती त्वचा सोलवटतो, आणि बार रोज एकाच बाजूला धरला जातो. म्हणून पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम बहुधा नेमकी त्याच जागी दिसते.

माव्यात भर पडते सुपारीची. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे आणि तिच्यामुळे गालाच्या आत घट्ट पट्टे तयार होऊन तोंड उघडणं कमी होतं. खाणं थांबवलं तरी आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, वाढ थांबते एवढंच. राज्यात जुलै 2012मध्ये गुटखाबंदी आली, तर टपरीवर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत मिळू लागली. गिऱ्हाईक दोन्ही तोंडात एकत्र करतं. बंदीचा कागद शाबूत राहिला, गाल नाही.

मिश्री हे वेगळंच प्रकरण आहे. भाजून काळी केलेली तंबाखू कुटून हिरड्यांना चोळायची. दात घासायचं निमित्त सकाळचं, पण दुपारी, जेवणानंतर, झोपताना हात पुन्हा डबीकडे जातो. बाईला ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते दंतमंजन आहे. आरोग्यसेविकांनी आणि घरच्यांनी ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?’ असं विचारावं. गरोदरपणात तर हा प्रश्न टाळूच नये, कारण यामुळे बाळाचं वजन कमी भरतं.

आता सोडण्याचं. तारीख ठरवा, पण शिफ्ट बदलण्याच्या किंवा लग्नसराईच्या आठवड्यातली नको. आदल्या रात्री पुडी, डबी, चुन्याची ट्यूब सगळं घराबाहेर जाऊ द्या. चुना ठेवला की सोबत्याकडून चिमूटभर तंबाखू मागितली जातेच. पुडी पुढे करणं हा आपल्याकडे ओळखीचा धागा आहे, त्यामुळे ‘सोडली’ हे कामावरच्या दोघांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तंबाखूची तलफ भागवायला घेतात तो निकोटीन गम बहुतेकांचा फसतो तो चघळण्यामुळे. तो च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो. हळूहळू चावा, मिरीसारखी झणझण जाणवली की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवा. झणझण विरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून जागा बदला. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, तलफ तशीच राहते. दुसरी चूक चहाची. आंबट पेयं, कॉफी, चहा यांच्यामुळे गममधलं निकोटीन नीट शोषलं जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही नको.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली चिमूट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा गम, नाहीतर 2 मिलिग्रॅमचा. 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. तोंड आखडलेलं असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोपमोड, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे बद्धकोष्ठ. निकोटीन आतड्यांना हलवतं, त्यामुळे ‘सकाळी चिमटीशिवाय होत नाही’ हे खोटं नाही. आठवडाभर आधीपासून भाकरी, पपई, भरपूर पाणी आणि रात्री इसबगोल सुरू केलं तर ही पळवाट बंद होते. हाताला-तोंडाला काहीतरी हवं असतं, तेव्हा बडीशेप, लवंग, आवळा. मुखवासाचं पाकीट घेताना त्यात सुपारी नाही ना, ते वाचा.

महिन्यातून एकदा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घ्या. ओठ उलटून, दोन्ही गाल ओढून, जीभ रुमालाने धरून कडा आणि खालची बाजू बघा. पहिली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जायला हवीत. पांढरा वा लाल चट्टा, तिखट सहन न होणं, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखत नाहीच. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा पंचवटीतलं दंत महाविद्यालय गाठा.

पैशाचं थोडक्यात. दहाच्या तीन पुड्या रोज धरल्या तर वर्षाला 10,950 रुपये. जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही सरकारी योजनांचा मिळून वार्षिक हप्ता 456 रुपये, म्हणजे सोळा दिवसांच्या पुड्यांत दोन्ही निघतात. खासगी टर्म विमा घेताना मात्र बहुतेक कंपन्या तंबाखू खाणाऱ्यालाही ओढणाऱ्याचा चढा दर लावतात, आणि फॉर्मवर लपवलं तर दावा अडकू शकतो. सोडून वर्षभर झाल्यावर दर कमी होतो का, हे एजंटाला आधीच विचारून घ्या. सोडताना अडलात तर पुडीवरच छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक मोफत आहे.