गाडीचं नाक २ इंच वर

आजचा अख्खा शनिवार ड्राइव्हवेवर गेला. ह्यूस्टनच्या उकाड्यात सकाळी ७ ला सुरुवात केली, आवरायला ४ वाजले. आमच्या फोर्ड एफ-१५० ला पुढून २ इंचांचं लेव्हलिंग किट, म्हणजे गाडीचं पुढचं टोक उचलून मागच्याशी समतल करणारे सुटे भाग, बसवलं. पिकअप मुळातच मागून उंच असते, हौद्यात वजन पडलं की समतल व्हावी म्हणून. आमचा हौदा बहुतेक रिकामाच, त्यामुळे गाडी कायम मान खाली घातलेली.

स्ट्रट (पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांचा एकत्र जोड) काढायचा, त्याच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा जाड तुकडा, बसवायचा, परत चढवायचा. स्ट्रटच्या मधल्या नटाला मात्र अजिबात हात लावायचा नाही. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर जिवावर बेतेल.

स्ट्रट काढताना डावीकडचा वरचा बॉल जॉइंट, म्हणजे नकलला (ज्यावर चाक बसतं तो भाग) वरच्या दांड्याशी जोडणारा सांधा, काही केल्या सुटेना. नट थोड्या आट्यांवर ठेवला आणि नकलच्या कडेवर हातोडा मारत राहिलो. पाऊण तासानं टक्क आवाज आला. टॉर्च धरून बसलेली लेक माझ्याआधी ओरडली, "बाबा, निघाला!" तो आवाज अजून कानात आहे.

चाकांचे नट १५० फूट-पाउंडांवर आवळले. आता सोमवारी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, तोवर लांब जाणार नाही. आणि आज रात्रीच हेडलाइट खाली करतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जायला नकोत.