गिधाडाला हात जोडणारी आजी

परवा टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी कुणाला तरी "लचके तोडणारी गिधाडं" म्हणालं आणि मला एकदम आजी आठवली. ती असती तर लगेच बोलली असती, "गिधाडाला नावं ठेवू नये, त्याला रामाने अग्नी दिलाय."

आमचं आजोळ इगतपुरीकडचं, त्यामुळे महाशिवरात्रीला टाकेदची जत्रा ठरलेली. रावणाने पंख छाटल्यावर जटायू इथेच पडला, रामाने त्याला पाणी पाजायला बाण मारला आणि त्या पाण्यात सगळी तीर्थं आली, म्हणून सर्वतीर्थ टाकेद, अशी तिकडची श्रद्धा. आजी कुंडाचं पाणी ओंजळीत घ्यायची, आधी डोळ्यांना लावायची, मग एक घोट, उरलेलं माझ्या डोक्यावर. मग जटायूसमोर हात जोडून बराच वेळ उभी.

चित्रांमध्ये जटायू बऱ्याचदा गरुडासारखा देखणा काढतात, पण वाल्मिकींनी त्याला गृध्रराज म्हटलंय, म्हणजे गिधाडच. आणि म्हातारा. रावणाला तो सांगतो की मी साठ हजार वर्षांचा, तू तरुण, तुझ्याकडे रथ आहे, धनुष्य आहे, तरी मी असेपर्यंत तू सीतेला नेऊ शकणार नाहीस. हरणार हे बहुतेक त्यालाही दिसत असणार. मला सगळ्यात जास्त भिडतं ते पुढचं. वनवासामुळे रामाला दशरथाला अग्नी देता आला नाही आणि दशरथाच्या या मित्राला मात्र त्याने स्वतः चिता रचून अग्नी दिला, गोदावरीत उतरून पाणी सोडलं. वडिलांचं राहून गेलेलं त्याने एका गिधाडासाठी केलं.

गरुडाचं तसं बरं आहे, तो विष्णूचं वाहन, पंढरपुरात वारकरी गरुडखांबाला कडकडून मिठी मारतात. गिधाडाच्या वाट्याला शिवी आली. का, तर तो मेलेलं खातो. अरे पण तेच तर त्याचं पुण्य आहे! तो जिवंत जिवाला मारत नाही, जे सडून रोगराई पसरवेल ते पोटात घेतो. पारशी लोकांना हे फार आधी कळलं होतं, माती, पाणी, अग्नी यातलं काहीच प्रेताने बाटू नये म्हणून ते देह दखम्यात, म्हणजे उघड्या गोल मनोऱ्यात, पक्ष्यांच्या हवाली करायचे. मुंबईच्या डुंगरवाडीत, जिथे त्यांचे दखमे आहेत, आता गिधाडंच येत नाहीत, म्हणून देह सुकवायला उन्हाची उष्णता एकवटणारी यंत्रं लावावी लागली.

गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकने. गुराला दुखण्यावर, तापावर टोचायचं साधं औषध, पण ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची किडनीच बंद पडायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव संपली. 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं, पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, मग भरून यायला किती पिढ्या लागतील बघा.

मागच्या हिवाळ्यात हरसूलकडे गेलो होतो, तिथे खोरीपाड्याला गिधाडांसाठी औषध न टोचलेली मेलेली गुरं ठेवतात. सकाळी लांबून एक दिसलं. कड्यावर दोन्ही पंख पसरून उन्हाकडे पाठ करून बसलेलं, नुसतं बसलेलं, उघडी मान खांद्यात ओढून घेतलेली. सोबतचे गाववाले काका हळूच म्हणाले, "पंख तापवतंय ते, आता उडंल." दुर्बीण खाली ठेवली आणि नकळत हात जोडले गेले. काकांनी बघितलं, आणि त्यांनीही डोक्यावरची टोपी काढली.