ताठपणा मोजायला आखूड साखळ्याच हव्यात: माझा अनुभव

पॉली-हेक्झिल-आयसोसायनेट या पॉलिमरचा रेणू म्हणजे बऱ्यापैकी ताठ साखळी. ती हेक्झेनमध्ये विरघळवून तिची पर्सिस्टन्स लेंथ, म्हणजे साखळी आपली दिशा साधारण किती अंतरापर्यंत टिकवते ते, मला ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या प्रकीर्णनातून, म्हणजे विखुरण्यातून, काढायची होती. लेसरचा उभा ध्रुवित प्रकाश आत सोडायचा आणि 90 अंशांवर आडवा ध्रुवक (एकाच दिशेचं कंपन जाऊ देणारी चकती) लावून काय येतं ते मोजायचं. येतं ते अगदी थोडं. साखळीचा तुकडा लांबीच्या दिशेने आणि आडव्या दिशेने प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देतो, म्हणून तेवढं तरी येतं.

खरी झटापट या थोडक्या उजेडाशीच. टोल्युइन वापरलं असतं तर द्रावकाचाच प्रकाश वजा करता करता हाती फारसं काही उरलं नसतं. हेक्झेनची ती कटकट कमी. धूळ मात्र पाचवीला पुजलेली. धुळीचे कण मुख्यतः उभाच प्रकाश फेकतात, पण इतका की ध्रुवक किंचित तिरका असला तरी तो झिरपतो. म्हणून द्रावण बारीक फिल्टरमधून थेट सेलमध्ये (द्रावण ठेवायच्या काचेच्या कुपीत) गाळायचं आणि ध्रुवक हळूहळू फिरवत सर्वांत काळोखी जागा शोधायची. सेलच्या काचेत ताण असेल तर तीही ध्रुवण बिघडवते, त्यामुळे काही सेल सरळ बाजूला काढले.

आकडेमोडीला क्रात्की आणि पोरोड यांचं 1949 चं मॉडेल, साखळीला सलग वाकणारी तार मानणारं. त्यात गंमत अशी, की साखळी नुसती दिशा ज्या अंतरात विसरते त्याच्या एक तृतीयांश अंतरातच ही प्रकाशीय आठवण, म्हणजे तुकड्यांच्या प्रकाश-प्रतिसादांचा आपसातला मेळ, पुसली जाते. आखूड साखळी काठीसारखी वागते, तेव्हा दर ग्रॅममागचा आडवा प्रकाश लांबीबरोबर वाढतो. पुढे वाढ मंदावते आणि आलेख आडवा होतो. ताठपणा कळतो तो या वळणावरून. नुसत्या लांब साखळ्या मोजून वळण दिसतच नाही. आडव्या झालेल्या आलेखाच्या उंचीवरूनही ताठपणा काढता येतो, पण त्यासाठी साखळीच्या एका एककाची विषमदिकता (दोन दिशांच्या प्रतिसादातला फरक) माहीत हवी आणि ती अंतर्गत क्षेत्राच्या (रेणूला द्रावणात प्रत्यक्ष जाणवणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या) दुरुस्तीवर लोंबकळते. माझा भरवसा वळणावरच.

हेक्झेनमध्ये उत्तर 40 नॅनोमीटरच्या आसपास आलं, इतर पद्धतींशी जुळणारं. डायक्लोरोमीथेनमध्ये ही साखळी जवळपास निम्मीच ताठ असते. तिथे वळण आधीच येतं, म्हणून आता आणखी आखूड नमुने वेगळे करणं चालू आहे.