तुम्ही विचारलंत म्हणून: धडधाकट असताना हा कागद कशाला?

लग्नाकार्यात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, “चांगली हिंडतीफिरती आहेस, मग ते मरणाचं इच्छापत्र कशाला करून ठेवलंस?” म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझे बाबा वर्ध्याचे, शाळामास्तर. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडून देह ठेवला, तेव्हा बाबा जेवताना म्हणाले होते, “जावं तर असं. मला नळ्याबिळ्या लावू नका.” आई म्हणाली, “ताटावर बसून काय बोलता!” विषय तिथेच मिटला. पुन्हा ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा ते एक्क्याऐंशीचे होते. आयसीयूच्या दाराशी डॉक्टरांनी विचारलं, “सगळं करायचं ना?” आम्ही तिघं भावंडं. ते जेवतानाचं वाक्य तिघांनाही आठवत होतं, हे नंतर कळलं. तरी तिघंही म्हणालो, “हो, सगळं करा.” जो नाही म्हणेल, त्याच्या माथी बापाचा जीव घेतल्याचा बोल जन्मभर बसला असता. एकोणीस दिवस गेले. ते नळी ओढायचे म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. त्या हातांबद्दल भावंडांशीही मी अजून धड बोललेले नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यामुळे १९७३ ते २०१५ अशा अंथरुणावर होत्या. त्यांना या जगण्यातून सोडवा म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथल्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतो. २०११ मध्ये न्यायालयाने परिचारिकांचं ऐकलं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ज्या मायेनं केलं, त्यापुढे मी हात जोडते. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कळायला कुणाकडेच वाट नव्हती. मला छळतं ते हे.

असा कागद करून ठेवण्याची ती वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं मिळाली. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या फंदात पडत नसे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, मग दुसरं वैद्यकीय मंडळ, अशी दोनदा तपासणी होते. त्यामुळे इस्टेटीसाठी पोरं म्हातारीला मारतील, ही भीती मला या कागदापुरती तरी पटत नाही. आणि सुई टोचून मारणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. बरं होण्याची आशाच उरली नसेल, तेव्हा नुसता श्वास चालू ठेवणारी यंत्रं लावू नका, लावली असतील तर काढा, एवढंच मी लिहिलंय.

निर्णय घेणारी म्हणून लेकीचं नाव घातलं, दुसरं भाच्याचं. सहीच्या आदल्या रात्री लेक कागद वाचत बसली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आई, तुला तहान लागली तर?”

हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत बोलत बसलो, माझ्याबद्दल कमी आणि बाबांबद्दल जास्त. त्यांच्या बांधलेल्या हातांबद्दल तिला पहिल्यांदा सांगितलं. सकाळी नोटरीकडे जाण्याआधी कागदात शेवटची ओळ वाढवली: दुखू देऊ नका, ओठ ओले ठेवा, हात मोकळे ठेवा.