चापडगावचा मेळावा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा दर जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, चापडगावला, नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या पाण्याकाठी भरतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ सगळं रीतसर होतं. मी वाट बघते ती तात्यांच्या बोलण्याची.

तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारे, होते. माइक त्यांना नको असतो. काठावरच्या मातीत ते काठीनं दोन रेघा ओढतात, एक गोदावरी, एक कादवा. दोन्ही मिळतात तिथं टाचेनं मातीचा आडवा बांध घालतात आणि तांब्यातलं गढूळ पाणी वरून सोडतात. पाणी बांधाशी अडतं आणि मुलांच्या डोळ्यांदेखत गाळ खाली बसतो. बेटं अशी झाली, एवढंच ते म्हणतात. दरवर्षी तेच ऐकते, तरी दरवर्षी माझा गळा दाटून येतो.

इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला तो कालव्यांसाठी, खालच्या नगर जिल्ह्यातल्या शेतीसाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणी केला असेल असं वाटत नाही. पण प्रत्येक पुरानं गाळ आणला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, त्यांवर गवत आणि झाडं माजली. भोवती पाणी असल्यानं माणसांचा, कुत्र्यांचा त्रास कमी. थंडीत चक्रवाक आणि क्रौंच येऊन उतरतात, हळदी-कुंकू बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर इथल्याच. 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यावरून लोक याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. आम्हा निफाडकरांना नांदूर मधमेश्वर म्हटलेलंच बरं वाटतं.

कालव्याला आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि लांब चोचीचे पक्षी तिथं चरायला येतात. हेही तात्यांनीच शिकवलं. कोणत्या पाळीला पाणी किती हात उतरायचं, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

एक गोष्ट मनाला लागते. नाशिक-पुण्याची आमची मंडळी मनोऱ्यावर चढतात, फोटो काढतात आणि तात्या उभे राहायच्या आत गाड्या काढतात. मागच्या खेपेला मागच्या सतरंज्या रिकाम्याच होत्या. गावातली शाळेची पोरं मात्र शेवटपर्यंत बसली.

मेळावा उभा राहतो तो बाकीच्यांच्या जिवावर. पहाटे पिठलं-भाकरी करणाऱ्या बचत गटाच्या बायका, दुर्बिणी लावून देणारे गावातले तरुण गाइड, वनरक्षक, मंडप घालणारे काका, स्टँडवरून पाहुण्यांना आणणारा रिक्षावाला, आणि ग्रामपंचायतीच्या सतरंज्या उघडून देणारा शिपाई. पाण्याचे जार देणाऱ्या दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत, तेही लिहून ठेवते. भाकऱ्या वाढायला थांबलेल्या दोघी सुनांची नावं अहवालातून राहून गेली होती, ती यंदा सगळ्यांत आधी घालायची आहेत.

तात्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, काठापर्यंत येववत नाही. म्हणून यंदा आधी त्यांच्या ओट्यासमोर बसायचं ठरलंय. ओली माती आणि तांब्याभर गढूळ पाणी पोरं घेऊन येणार आहेत. सकाळी साडेसातला या, आणि भाकरी खाऊनच निघा.