काट्यांची लांबी नंतर, आधी भोक

सूक्ष्मदर्शकाखाली खाडीच्या गाळाच्या स्लाइडमध्ये काटेरी गोळा दिसला की लगेच काट्यांची लांबी मोजायचा मोह होतो. असा गोळा बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेटचा, म्हणजे पाण्यातल्या एकपेशीय जिवाचा, सिस्ट (सुप्त अवस्थेतलं कवच) असतो. फसगत तिथूनच सुरू होते. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या एकाच जातीच्या सिस्टचे काटे गोडसर पाण्यात आखूड राहतात, खाऱ्या पाण्यात वाढतात. पावसाळ्यात कोकणातल्या खाड्या गोड्या पाण्याने भरतात, त्यामुळे नुसत्या लांबीवर जाती पाडल्या तर एकाच जिवाला दोन नावं पडतील.

आधी भोक शोधा, म्हणजे आर्किओपाइल. आतला जीव बाहेर पडताना कवचाचा ठरलेला तुकडा निघतो, म्हणून भोकाची कड कोनदार असते. स्पिनिफेराइटीस या गटातल्या सिस्टमध्ये कवचाची पाठीकडची एकच पट्टी (प्लेट) निघते, लिंग्युलोडिनियममध्ये बहुधा जास्त. वेडीवाकडी चीर असेल तर ती दाबामुळे पडलेली असू शकते.

मग फोकस वरखाली करत काटे कुठून उगवतात ते बघा. स्पिनिफेराइटीसचे मुख्य काटे पट्ट्यांच्या कोपऱ्यांवर असतात. टोकाला तीन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन. ऑपरक्युलोडिनियम सेंट्रोकार्पम या दुसऱ्या सिस्टचे काटे अंगभर विखुरलेले असतात. काट्यांची अशी मांडणी आणि भोक पाहूनच विल्यम एव्हिट यांनी 1961 साली दाखवलं की 'हिस्ट्रिकोस्फिअर' या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काटेरी सूक्ष्म जीवाश्मांपैकी बरेच डायनोफ्लॅजेलेटचे सिस्ट आहेत. ज्यांचं मूळ ठरत नव्हतं त्यांना 1963 साली अ‍ॅक्रिटार्क हे नाव मिळालं.

एकदांडी आणि जास्वंदीचे परागही काटेरीच. जास्वंदीचा पराग बहुधा 100 मायक्रॉनच्या वर, जाड भिंतीचा, छिद्रं असलेला. एकदांडीचा मात्र लहान, सिस्टच्या मापात बसणारा. त्याच्या तीन खाचा दिसेपर्यंत नाव लिहू नका.

नमुना घेताना जांभा टाळा. तो इतका ऑक्सिडाइझ झालेला असतो की सेंद्रिय कवच त्यात टिकत नाही. रत्नागिरीकडे जांभ्याखाली लागणारी काळी माती किंवा खाडीचा खोलवरचा काळा गाळ घ्या. गाळात शिंपल्यांचा चुरा असतोच, म्हणून आधी 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना पूर्ण काढा आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. चुना राहिला तर पुढे वाळू-माती विरघळवणारं हायड्रोफ्लुओरिक आम्ल घातल्यावर कॅल्शियम फ्लुओराइड बसतं आणि स्लाइड भरून जाते. हे आम्ल काच खातं, त्यामुळे भांडी प्लास्टिकची, काम वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, आणि आम्ल अंगावर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी. शेवटी 10 मायक्रॉनची चाळणी. परागांसाठी तीव्र आम्लांच्या मिश्रणाने करतात ते अ‍ॅसिटोलिसिस इथे नको, एकिनिडिनियमसारखे तपकिरी काटेरी सिस्ट त्यात नष्ट होतात.

वर्णनात गोळ्याचा व्यास काटे वगळून द्या. लिंग्युलोडिनियमसाठी दर सिस्टचे सर्वात लांब तीन काटे, असे 50 सिस्ट मोजा. वाकलेला काटा बुडापासून टोकापर्यंत मोजायचा, तुटका सोडून द्यायचा.