योकोसुकाची ‘मिकासा’: आधी चित्र बघा, मग ब्रिजवर चढा

जपानी युद्धनौका म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी ‘यामातो’. पण ती समुद्राच्या तळाशी आहे. जिच्या डेकवर पाय ठेवता येतो ती ‘मिकासा’, टोकियोजवळ योकोसुकाला. शिनागावाहून केइक्यू लाइनची जलद गाडी पकडा, पाऊण-एक तासात योकोसुका-चुओ येतं, तिथून पंधरा मिनिटं चालत. जेआरचं योकोसुका स्टेशन बरंच लांब पडतं, तिकडे उतरू नका.

आत शिरल्या शिरल्या ब्रिजकडे, म्हणजे जहाजाचा कप्तान उभा राहतो त्या उंच सज्जाकडे, धावायचा मोह होतो. तो आवरून आधी चित्रकार तोजो शोतारोने काढलेलं याच ब्रिजचं चित्र नीट बघून घ्या. २७ मे १९०५, रशियन आरमाराशी त्सुशिमाची लढाई तोंडावर आलेली. मधोमध जपानी ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल तोगो, गळ्यात दुर्बीण, हात तलवारीवर, वर ‘झेड’ हा इशाऱ्याचा झेंडा. मूळ चित्र १९२३ च्या भूकंपात गेलं, चित्रकाराने ते नंतर पुन्हा काढलं. सगळे तोगोंचा चेहरा न्याहाळतात, पण खरी गंमत कठड्यापाशी आहे. खलाशांच्या झोपायच्या झोळ्या गुंडाळून तिथे बांधल्यात, तोफगोळ्यांचे उडते तुकडे अडवायला. चिलखती मनोरा हाताशी असताना तोगो या झोळ्यांच्या भरवशावर उघड्यावर उभे राहिले! त्या दिवशी ‘मिकासा’वर तीसहून जास्त गोळे आदळले.

आता वर जा. चित्रात ऐसपैस दिसणारा ब्रिज प्रत्यक्षात चांगलाच अडचणीचा आहे. कोण कुठे उभं होतं त्याच्या खुणा पायाशीच आहेत. चार पर्यटक आले की धक्काबुक्की सुरू. तोजोने माणसं खरी रंगवली, पण त्यांना रुबाबात उभं राहायला जागा मात्र सढळ हाताने दिली, असं माझं मत.

जहाज ब्रिटनमध्ये बांधलेलं, १९०२ मध्ये जपानी नौदलात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफा काढून त्यावर चक्क डान्स हॉल आणि मत्स्यालय थाटलं होतं. १९६१ मध्ये डागडुजी झाली. त्यामुळे आज दिसणाऱ्या तोफा प्रतिकृती आहेत, आणि जहाजाचा तळ काँक्रीटमध्ये पक्का बसवलाय. डोलण्याची अपेक्षा नको.

जिने उभे आणि अरुंद आहेत, चपला-सँडल टाळा. ज्येष्ठांनी खालचं प्रदर्शन आणि मुख्य डेक बघितला तरी पैसे वसूल. डिसेंबरच्या अखेरीस काही दिवस बंद असतं. जेवायला गावात नेव्ही करी मिळते, सोबत सॅलड आणि दुधाचा ग्लास. बीफ चालत नसेल तर ऑर्डरच्या आधी विचारा. वेळ उरला तर सारुशिमा बेटाची बोट जवळूनच सुटते, पण शेवटच्या परतीची वेळ आधी बघून ठेवा.